उघड्या क्रेटला पाणी कोण घालतंय?

विज्ञान प्रदर्शनातून शाळेला एखादं प्रमाणपत्र मिळतं, ते हेडसरांच्या खोलीत लागतं. किस्से तेवढे आम्हा शिक्षकांच्या वाट्याला येतात. आणि ते इतके साठतात की मधल्या सुट्टीत डबा संपतो, किस्से संपत नाहीत. माझ्याकडचा बराचसा साठा एकाच प्रयोगाचा आहे.

आमचं गाव सांगली जिल्ह्याच्या कोरड्या टोकाला. कालवा आला, मागोमाग ऊस आला आणि ऊस तुटला की रानात उरलेला वाळका पाला, म्हणजे पाचट, पेटवायची हौसही आली. म्हणून नववीतल्या संकेत आणि रूपालीने प्रयोग घेतला. दोन क्रेटमध्ये टोमॅटोची रोपं, एकावर पाचटाचं पांघरूण, दुसरं उघडं. दोन्हींना आठवड्यातून एकदाच, मोजून पाणी. उघडं आधी सुकणार, मग 'पाचट जाळू नका' असं गावाला पुराव्यानिशी सांगायचं.

रूपालीचं मात्र यात वेगळंच काही पणाला लागलं होतं. तिचे वडील बिरूअण्णा मेंढरं राखतात. थंडीत कळप घेऊन घाट उतरतात, आणि यंदा शाळा सोडवून तिलाही सोबत नेणार होते. मी खूप विनवलं तेव्हा म्हणाले, "प्रयोगाचा नंबर आला तर ऱ्हाऊ दे तिला मावशीकडं. न्हाई आला तर आमच्या संगं."

*

संकेतचे वडील फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. त्यांच्याकडे आम्ही पोतंभर पाचट मागितलं. दुसऱ्या दिवशी ट्रॉली आली आणि प्रार्थनेच्या जागेवर रिकामी झाली.

"रसद कमी पडली न्हाई पायजे, मॅडम."

हेडसर ढिगाला एक फेरी मारून आले. "प्रयोग क्रेटमध्येच आहे ना? की शाळा झाकायची आहे?"

पुढे महिनाभर पोरं त्या ढिगावर बसून डबे खात होती.

*

मग मी रूपालीला म्हटलं, घरून पाटीभर लेंडीखत आण.

सोमवारी सकाळी शाळेत आले तर मैदानात दीडशे मेंढरं बसलेली. आमच्याकडे बागायतदार लोक धान्य देऊन रानात मेंढरं बसवून घेतात, म्हणजे आपोआप खत पडतं. बिरूअण्णांनी शाळेला ही सेवा फुकटात दिली होती.

"पाटी कशाला, मॅडम? आख्खं मैदान खतवून दिलं."

त्यांचा चेहरा इतका समाधानी होता की मला रागावता येईना. मेंढरांचेही चेहरे समाधानी होते, कारण दोन्ही क्रेटमधली रोपं त्यांनी खाल्ली होती. निरीक्षण वहीत रूपालीने प्रामाणिकपणे लिहिलं, 'दिवस चौथा. रोपे नाहीत.'

*

नवी रोपं लावली आणि क्रेट व्हरांड्यात आणले. आता सादरीकरणाची तालीम. संकेतची तालीम वडिलांनीच घेतली होती, त्यामुळे "पुढील स्लाईड!" म्हणताना तो टाच आपटायचा. आमच्या प्रोजेक्टरचं टेबल एका पायाने लंगडं. दोन टाचांत आलेख भिंतीवरून छताला जायचा. शेवटी टेबलाखाली विज्ञानाची तीन जुनी पुस्तकं घातली. त्यांचा एवढा उपयोग आधी कुणी केला नव्हता.

*

खरी पंचाईत पुढेच होती. उघड्या क्रेटमधली रोपं सुकेनात. तिसऱ्या आठवड्यात तर ती झाकलेल्या रोपांपेक्षा हिरवी दिसायला लागली. मला संकेतचा संशय, संकेतला माझा. शिपाई दादूमामा आभाळाकडे बोट दाखवत म्हणाले, "देवाची करनी हाय, मॅडम."

रूपाली रोज मातीत बोट घालायची, वहीत 'ओली' असं लिहायची आणि माझ्याकडे बघायची. हेडसर म्हणाले, "आकडे जरा जुळवून घ्या." मी नाही म्हणाले नाही. त्याची अजून लाज वाटते.

*

तालुक्याच्या प्रदर्शनाला हेडसर आणि दोन्ही पोरांचे वडीलही आले होते. परीक्षक साहेबांनी दोन्ही क्रेट निरखले. "उघड्यातली रोपं जास्त टवटवीत कशी?"

संकेतने सवयीने टाच आपटली आणि रूपालीकडे बघितलं. रूपाली पुढे झाली.

"सर, उघड्याला कोनतरी पानी घालतंय. म्हनून आमचा निकाल लागला न्हाई. वहीत लिवलंय ते खरं हाय."

नंबर गेला, हे मला तिथेच कळलं. तिलाही कळलं असणार, कारण तिने ओठ घट्ट दाबून धरले होते.

"कोण घालतंय?"

क्रेट उचलून आणणारे दादूमामा खाली बघत म्हणाले, "म्या, साहेब. सकाळची घंटा दिली की एक तांब्या. एकाला पांघरून आनि एक उघडं, बघवंना."

मागून सुभेदार खाकरले. "मीबी. पोराला सोडाय आलो की बाटलीतलं थोडं."

हेडसरांनी चष्मा पुसायला घेतला. मी माझी पाण्याची बाटली हळूच पिशवीत आत ढकलली.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मग आता काय करणार, बाळ?"

"पुन्यांदा लावनार, सर. दीड म्हैना लागंल."

बिरूअण्णा पटका सावरत हे सगळं ऐकत होते. ते माझ्याजवळ आले. "मॅडम, पोरगीला ठिवून जातो. काम अर्ध्यात हाय तिचं."

मी त्यांना हात जोडले. ते चार पावलं गेले, थांबले आणि परत आले.

"पर आता म्या हितं नसनार. त्या उघड्याला तेवढं पानी घालत जावा. आत्तापतुर म्या घालत हुतो."