आधी नारळ, मग फोटो

सुधाकर भावजी गेल्याचा निरोप आला तेव्हा मी बोथच्या शाळेत वर्गावर होते. शिपाई दारातूनच म्हणाला, "बाई, इचोड्याहून फोन होता. तुमचे ते फोटूवाले दीर..." खरं सांगते, मला आधी रागच आला. आदल्याच रविवारी हा माणूस माझ्या ओट्यावर बसून कॅमेऱ्याला प्लॅस्टिकची पिशवी चढवत होता. तिच्या तोंडाशी सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून बसवता बसवता मला बजावत होता, "वैनी, या थंडीत पुन्हा निघाचं हाये. सुट्टीचं आतापासून सांगून ठेवा, नाहीतं ऐन टायमाला तुमची परीक्षा निघते." एवढा बेत जमवून परस्पर निघून जायचं, हे काही बरं नव्हे. त्यांच्या छातीत कळ आली, खुर्चीत बसले, संपलं. स्टुडिओत पाठीमागचा पडदा तसाच टांगलेला होता, म्हणतात.

भावजी माझ्या नवऱ्याचे धाकटे भाऊ. लग्न केलं नाही, पण आसपासच्या निम्म्या गावांची लग्नं त्यांच्या कॅमेऱ्यातून गेली. इचोड्याला हमरस्त्यावर टायरवाल्याच्या बाजूला त्यांचा स्टुडिओ. दिवसभर बाहेरून ट्रक जायचे आणि आत भावजी कुणाची तरी हनुवटी वर करत म्हणायचे, "हलू नका." त्या दोन शब्दांवर त्यांचं पोट चालायचं, आणि त्याच दोन शब्दांचा त्यांना कंटाळा आला होता. "मानसं काय, उभं राहा म्हनलं का उभी राह्यतात. एकदा असं काही पायजे, जे आपलं ऐकतच नाही." म्हणून सुटीच्या दिवशी तळ्यावर बगळ्यांच्या मागे हिंड, ज्वारीत शिरलेल्या रोह्यांच्या, म्हणजे नीलगाईंच्या, मागे पळ. अशातच, बऱ्याच वर्षांपूर्वी, बियाण्याच्या दुकानातल्या कॅलेंडरवर त्यांनी देवमाशाचं चित्र पाहिलं आणि बगळे मागे पडले. समुद्र आमच्यापासून किती लांब, हे सांगायला नको. आमच्याकडे पाणी म्हणजे तळं, नाहीतर पावसाळ्यातला नाला. पण बेल्लमपल्लीच्या खाणीतला एक गिऱ्हाईक मूळचं विशाखापट्टणकडचं निघालं. त्यानं सांगितलं, थंडीत मासेमारांच्या लहान नावेनं आत गेलं तर कधी कधी दिसतो, कधी नाही. भावजींनी त्यातलं "दिसतो" एवढंच ऐकलं.

आडवी आली ती आई, म्हणजे माझी सासू. नदीसुद्धा पुलावरून डोळे मिटून ओलांडणारी बाई ती. "समुद्रात काऊन जातं? इथं पोट भरून नाही राह्यलं का?" असं रोज सकाळ-संध्याकाळ चाललं. एके दिवशी तिनं विचारलं, "पन पाहाले कोनाले चालला?" भावजी म्हणाले, "देवमाशाले." आईनं पदर डोक्यावरून घेतला. मग हळूच म्हणाली, "देव हाये का तो? मंग आधीच नाही सांगाचं?" भावजींनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. तो नुसता मासा आहे, तोही खरं तर मासा नव्हे, हे मी शाळेत शिकवत होते. पण ते शाळेत. आईनं दुसऱ्याच दिवशी शेंडीचा नारळ आणला, हळदीकुंकू लावलं आणि अट घातली, "देव दिसला का आधी नारळ, मंग फोटू. दर्शन नाही झालं तं नारळ वापस आन." भावजींनी तिच्या पायावर हात ठेवून शब्द दिला. नारळ सोपवला माझ्याकडे, कारण तिच्या मते तिचा मुलगा इसरभोळा होता.

तिथून सुरू झाली तयारी. तळ्यात म्हशी डुंबायच्या, पार बुडून जायच्या आणि भलतीकडेच फुस्स करून वर यायच्या. भावजींना हे फारच सोयीचं वाटलं. एका कोळ्याचा डोंगा मागून ते त्यात गुडघे टेकून बसायचे. डाव्या हातात नारळाच्या जागी वाळका भोपळा, उजव्या हातात कॅमेरा. म्हैस वर आली की भोपळा फेकायचा आणि त्याच दमात कॅमेरा डोळ्याला लावायचा. पहिल्यांदा भोपळ्याच्या मागोमाग स्वतःच पाण्यात गेले. काठावर धुणं धुणाऱ्या बाया हसून हसून बेजार. मी ओरडले, "भावजी, म्हशीले हलू नका म्हना!" ते चिखल निथळत उभे राहिले आणि म्हणाले, "हसा वैनी. पुन्हा बसतो." आणि पुन्हा बसले. उन्हाळा असाच गेला. शेवटी शेवटी भोपळा आणि फोटो दोन्ही साधायला लागले. म्हशींचे इतके सुंदर फोटो मी आजवर पाहिलेले नाहीत.

त्या वर्षी थंडी पडल्यावर निघालो. बेल्लमपल्लीहून गाडीनं बेजवाडा, तिथून विशाखापट्टण. आमचे हे सोबत होते, पण नाव पाहिल्यावर म्हणाले, मी किनाऱ्यावर चपला सांभाळतो. नाव एवढीशी, तिचं इंजिन खोकल्यासारखं चालणारं. अप्पाराव नावाच्या नावाड्याशी भावजी त्यांच्या बाजारातल्या तेलुगूत सारखं बोलत होते आणि मी नारळ पोटाशी धरून काठावरून वाकून ओकत होते. सकाळ गेली, डोक्यावर ऊन आलं. अप्पाराव परत फिरायचं म्हणायला लागला, भावजी म्हणाले, अजून थोडं. पुन्हा म्हणाला, पुन्हा अजून थोडं. शेवटी त्यानं नाव वळवली आणि वळवता वळवताच ओरडला, "अदिगो! तिमिंगलम!"

...मी पाहिला. वर्गावर उभी राहून जे सांगत होते, त्यातलं काहीच मला आठवलं नाही. नावेपासून थोड्या अंतरावर पाण्यातून एक काळी ओली पाठ वर आली, येतच राहिली, आणि जो श्वास सुटला त्याचे शिंतोडे माझ्या तोंडावर आले. नाव कलली. भावजींच्या डोळ्याला कॅमेरा लागलेला होता, बोट खटक्यावर होतं, पाठ समोर होती. नुसतं दाबायचं होतं. मी त्यांच्याकडे पाहत होते. त्यांनी कॅमेरा खाली घेतला, माझ्या हातातून नारळ ओढला, कपाळाला लावला आणि पाण्यात सोडला. मग फोटो. तोवर पाठ गेली होती. तळ्यातलं गणित समुद्रात चुकलं, कारण तळ्यात नारळ कपाळाला लावायचा नसतो.

रोल धुतला तेव्हा त्यात एकच फोटो निघाला. सगळीकडे लाटांच्या सुरकुत्या, मधे एक गोल गुळगुळीत जागा आणि तिच्यात शेंडी वर करून तरंगणारा नारळ. भावजींनी तो मोठा करून, काच लावून स्टुडिओत टांगला. आईला दाखवायला आणलं. तिनं नारळाकडे निरखून पाहिलं, हात जोडले आणि म्हणाली, "लहानच हाये की देव." भावजी म्हणाले, "दूर होता ना, आई." ती समाधानानं घरी गेली. बाकी इचोड्यात कुणी विश्वास ठेवला नाही. गिऱ्हाईक विचारायचं, "देवमासा कुठी हाये?" भावजी उठायचे, काचेवर बोट ठेवायचे, "हे गुळगुळीत पानी दिसते ना? त्याच्या खाली." लोक माझ्याकडे पाहायचे. मी म्हणायचे, मी पाहिलाय, शिंतोडे अंगावर घेतलेत. त्यावरही हसायचे. भावजींना मात्र कधी चिडलेलं पाहिलं नाही. पुढे काही वर्षांनी आई वारल्यावर एवढंच म्हणाले, "नारळाचं काम झालं, वैनी. आता फोटूच." आणि पुन्हा डोंगा मागायला गेले.

त्यांचा तो बेत मी मोडणार नाही. सुट्टी सांगून झाली आहे. अप्पारावला निरोप धाडला आहे. हे म्हणतात, या वयात तू कॅमेरा कुठे शिकणार? शिकते आहे. मागच्या रविवारी तळ्यावर डोंग्यात गुडघे टेकून बसले, म्हैस वर आली आणि माझ्या फोटोत नुसती शेपटी आली. काठावरच्या बाया हसल्या. हसू देत. पुन्हा बसेन.

परवा स्टुडिओ झाडायला गेले होते. पडदा उतरवला नाही, खुर्ची हलवली नाही. देवमाशाच्या फोटोवर धूळ बसली होती म्हणून ओलं फडकं घेतलं. काचेवर, त्या गुळगुळीत पाण्याच्या जागी, एक तेलकट डाग होता. वर्षानुवर्षं एकाच ठिकाणी बोट ठेवून ठेवून पडलेला. मी सगळी काच पुसली, तेवढी जागा सोडून.