इक्बालभाईंचं स्केच आणि माझं हसणं

इक्बालभाईंची नोकरी गेली तेव्हा मी हसले होते.

मोठ्याने. त्यांच्या तोंडावर.

आज सकाळी रत्नागिरीत इक्बालभाई गेले. त्यांच्या मुलीचा मेसेज वाचला आणि सगळ्यात आधी मला ते हसू आठवलं. दुःख नंतर झालं. हे लिहायला बरं वाटत नाही, पण क्रम तोच होता.

२००८-०९ची गोष्ट. शारजात अल नहदाला आम्ही एकाच बिल्डिंगमध्ये राहायचो. त्यांचं ऑफिस दुबई मरीनात, माझं तिथून दोन टॉवर सोडून. त्यांच्या बायकोने, सकीनाभाभींनी, परस्पर ठरवून टाकलं, "टॅक्सीला पैसे कशाला घालवतेस? ह्यांच्या गाडीतून जात जा."

रोज दीड तास ट्रॅफिक. आणि गाडीत जुन्या ब्रिटिश कॉमेडी स्केचेसच्या, म्हणजे छोट्या विनोदी प्रसंगांच्या, सीडी. तरुणपणी गल्फला आले तेव्हा एका इंग्रज मॅनेजरने त्यांना हे वेड लावलं होतं.

गाडीचा एक नियम होता. स्केच चालू असताना हसायचं नाही. जो आधी हसेल, त्याने कडक चहा पाजायचा.

"घर जळतंय, पण साहेबाचा आवाज चढत नाही," ते म्हणायचे. "मजा त्यातच आहे. तू फार लवकर फुटतेस."

चहा बहुतेक मीच पाजायचे.

त्यांचं आवडतं स्केच असं: एक माणूस नदीत बुडतोय, मदत मागतोय. काठावरचा साहेब अदबीने म्हणतो, "माफ करा, आपली ओळख झालेली नाही." मग ओळख करून देणारा कुणीतरी शोधायला निघतो.

तेव्हा मंदीमुळे दुबईत बांधकामांवरच्या क्रेन हलायच्या थांबल्या होत्या. दर आठवड्याला ऑफिसमधून कुणीतरी कमी व्हायचं. फेअरवेल नाही, केक नाही. नोकरी गेली की व्हिसा कॅन्सल, आणि महिन्याभरात सगळं आवरून देश सोडायचा. एचआरचा फोन वाजला की मला घाम फुटायचा.

त्यातल्याच एका सकाळी इक्बालभाईंनी सीडी लावली नाही.

"काल एचआरच्या बाईने बोलावलं," ते म्हणाले. "खुर्ची दिली. पाणी दिलं. म्हणाली, इक्बाल, तुमच्यावाचून कंपनीचं अडेल. पण कंपनी अडायला तयार आहे."

मी ओठ दाबले.

"मग म्हणाली, तिकीट आम्ही काढतो. विंडो हवी की आइल?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"विंडो. म्हटलं, वरून तुमचं ऑफिस केवढंसं दिसतं ते तरी बघीन."

मी फुटले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

"हरलीस," ते म्हणाले.

मी चहा पाजला. ते सावकाश प्यायले. मला वाटलं, आता स्वतःच स्केच रचायला लागले.

पुढचे तीन आठवडे ते रोज टाय लावून मला मरीनाला सोडत होते. संध्याकाळी घेऊनही येत होते.

मग एका शुक्रवारी त्यांच्याकडे गेले, तर हॉलभर खोकी. व्हिसाचे आठ दिवस उरलेले.

"मला सांगितलं का नाहीत?" मी जवळजवळ ओरडले.

"सांगितलं की," खोक्याला टेप लावत ते म्हणाले. "तू हसलीस."

चेहरा निर्विकार.

त्यात राग होता की गंमत, मला कळलं नाही. नंतर इतकी वर्षं ईद-दिवाळीचे मेसेज झाले, मुलांचे फोटो झाले. हे विचारायचं राहिलं. राहिलं नाही, मी टाळलं.

आज दुपारी ते नदीचं स्केच नेटवर शोधलं. लेकाला दाखवलं. तो पंधरा वर्षांचा आहे.

"सो ही जस्ट ड्राउन्स?"

"हो."

"अँड दे आर लाफिंग?"

तो उठून गेला.

मी बाकीची स्केचेसही पाहिली. बरीचशी शिळी वाटली. बायका फक्त किंचाळायला. एकात भारतीय उच्चारांची टिंगल. गाडीत तो ट्रॅक आला की इक्बालभाई "खलास, बस, हे नको" म्हणत पुढे ढकलायचे. मी कधी विचारलं नाही, त्यांना तो ऐकताना काय वाटायचं.

पण नदीच्या काठावरचा तो साहेब बोलला, तेव्हा आजही मला हसू आलं. आजच्या दिवशी.

संध्याकाळी भाभींना फोन केला. दफन उरकलं होतं. अशा वेळी असलं काही विचारू नये, हे कळत होतं. तरी विचारलं.

"भाभी, नोकरी गेल्याचं त्यांनी मला गाडीत सांगितलं तेव्हा मी हसले होते. ते रागावले होते का हो माझ्यावर?"

"खोकी आणली त्या दिवशी ना?"

"नाही. त्याच्या तीन आठवडे आधी."

पलीकडे कुणीतरी कुराण वाचत होतं.

"मला तर खोकी आणली तेव्हा सांगितलं गं," भाभी म्हणाल्या. "तुला आधी सांगितलं होतं?"

आजच्या दिवशी भाभींना हे कळायला नको होतं. तीही चूक माझीच.

म्हणजे ते तीन आठवडे, तो टाय, त्या फेऱ्या. घरीसुद्धा माहीत नव्हतं. सगळ्या दुबईत एका माणसाला इक्बालभाईंनी सांगितलं होतं, आणि ज्या आवाजात सांगणं जमेल त्या आवाजात सांगितलं होतं.

मला ते स्केच वाटलं, असं मी आजवर स्वतःला सांगत आले. पण त्या सकाळी त्यांनी सीडी लावली नव्हती, हे मला दिसलं होतं. खरं मानलं असतं तर पुढे काहीतरी विचारावं लागलं असतं. आणि पुढचा नंबर माझा असेल का, हा विचार करावा लागला असता. हसणं सोपं होतं.

इक्बालभाई, तुम्ही सांगितलं होतं. मला ऐकू आलं होतं.

माफ करा. माझा शेवटचा सलाम.