मस्कतचा पाव आणा

आमच्या घराण्यात आजवर एकदाच लिलावाचा प्रसंग आला, आणि त्यात आमची वस्तू आम्हीच विकली व आम्हीच विकत घेतली.

वस्तू म्हणजे मस्कतचा तांब्याचा पाव आणा. नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, जुन्या नाण्यांचा नाद. पनवेलच्या आमच्या घरात रविवारी दुपारी ते सगळी नाणी सतरंजीवर मांडायचे आणि मला एकेकाची कुळकथा सांगायचे. पाव आण्याची कथा मात्र शेजारचे इस्माईलचाचा सांगायचे. ते मस्कतला इलेक्ट्रिशियन होते. एका सुट्टीत त्यांनी तिथल्या जुन्या बाजारातून नानांसाठी हे नाणं आणलं. "दुकानदार सोडत नव्हता, बेटा. त्याच्याबरोबर तीन कप कहवा प्यालो, तेव्हा कुठे दिलं." (दर सुट्टीत कप वाढत. चाचा कायमचे परतले तोवर आकडा अकरावर गेला होता.)

गेल्या वर्षी आई-नानांचं फ्लॅटमध्ये राहायला जायचं ठरलं. आईने फर्मान काढलं, "कपाट एकच नेणार. एक तर तुमची नाणी, नाहीतर माझ्या साड्या." नानांच्या गाठीशी संसाराचा दांडगा अनुभव, त्यामुळे त्यांनी वाद घातला नाही. नाणी लिलावाला दिली.

"तू सोबत जा," आई मला म्हणाली. "हे विकायला जातील आणि दुप्पट घेऊन येतील. यांचा हात धरून बस."

स्टेशनजवळच्या हॉटेलच्या हॉलमध्ये लिलाव होता. दारात प्रत्येकाला बोलीसाठी नंबराची पाटी मिळाली. मी नानांची पाटी पर्समध्ये टाकली, त्यांचा हात धरला आणि पहिल्या रांगेत बसले. एकेक नाणं जाऊ लागलं तसे नाना डोळे पुसू लागले. (माझ्या पाठवणीच्या वेळी हा माणूस आचाऱ्याशी उरलेल्या जिलब्यांवरून भांडत होता.)

मग पाव आणा आला. बोली तीनशेपासून. हॉलमध्ये कोणी हलेना. नानांचा चेहरा पडला.

"मागून तीनशे," पुकारणारा म्हणाला.

नानांचा हात पर्सकडे सरकला. मी तो घट्ट दाबून धरला. आणि माझाच दुसरा हात पाटीसकट वर गेला.

"अगं, काय करतेस?" नाना कुजबुजले.

"माशी हाकलतेय."

"पहिल्या रांगेतून पाचशे," पुकारणाऱ्याने माशीची किंमत जाहीर केली.

मागून सातशे आले. मी हजार केले. मागून पंधराशे. मागे वळून बघावं असं फार वाटत होतं, पण वळलं तर आपण घाबरलो असं दिसलं असतं, म्हणून मी मान ताठ ठेवून पाटी उंचावत राहिले.

"मागे कोणी जाणकार बसलाय," नानांचे डोळे चमकले. "मला आधीपासून वाटत होतं, नाणं दुर्मिळ आहे. सोडू नकोस."

मी कसली सोडते! चार हजारांना मागची पाटी गप्प झाली. हातोडा पडला आणि मागून ओळखीचा आवाज आला, "तौबा. हा शौकीन कोण आहे, जरा तोंड तरी बघू द्या."

आम्ही वळलो. शेवटच्या रांगेत इस्माईलचाचा उभे होते.

"इस्माईल, तू?" नाना म्हणाले.

"मग कोण? तुझ्या नव्या घरात जागा नाय, माझ्याकडे हाय. दोस्तीची निशाणी परक्याकडे कशाला जाऊ द्यायची?"

नाना खुर्चीत मटकन बसले. "म्हणजे जाणकार वगैरे कोणी नव्हताच."

"आम्ही दोघं कमी पडलो काय?" चाचा म्हणाले. त्यावर नाना आधी हसले आणि मग बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

खिडकीवर विकणाऱ्याचं कमिशन नानांकडून कापलं आणि घेणाऱ्याचं माझ्याकडून.

"मॅडम, तुम्ही दोघं एकाच घरचे?" तिथल्या मुलीने विचारलं.

"हो. हे माझे वडील."

"मग घरातल्या घरात घेतलं असतं तर हे दोन्ही वाचलं असतं की." तिने पावती ओढली. "तुमचा व्यवसाय काय लिहू?"

"गृहिणी लिहा," मी म्हणाले. इतकी वर्षं कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते आहे, हे सांगायचा धीर झाला नाही.