जितेपणी आलेलं माहेरचं लुगडं

धाकट्या लेकीने पत्रात विचारलं आहे की, आपल्या लिंगायतांत माणूस गेल्यावर काय करतात. उत्तर सरळ आहे. आपल्याच शेतात खड्डा काढून, बसवून पुरतात. बाई असेल तर तिच्या माहेरचं लुगडं येईपर्यंत थांबतात. एवढ्यावर पत्र संपवता आलं असतं. पण माझ्या आईच्या बाबतीत यातलं बरंचसं ती जिवंत असताना झालं, आणि त्याचा राग मला अजून आहे. म्हणून सविस्तर लिहिते.

तेव्हा महाराजांचं राज्य होतं. वडील कोल्हापुरात दरबारच्या कचेरीत कारकून होते आणि मी तिथेच मुलींच्या शाळेत. इंग्रजीचं दुसरं पुस्तक चालू होतं. सुट्टीत गडहिंग्लजकडच्या आमच्या गावी आले, तर अव्वाच्या, म्हणजे आईच्या, पाठीवर हे एवढं गळू आणि अंगात फणफणून ताप. घरात आम्ही दोघीच. शेतावरचा गडी आणि त्याची बायको तेवढी मदतीला. पोटिसं बांधून झाली, लेप लावून झाले. पाचव्या रात्रीपासून अव्वा मला ओळखेना.

मामांचं गाव दोन कोसांवर, आणि तिथून गडहिंग्लजचा दवाखाना जवळ. मी मामांना चिठ्ठी लिहिली: डॉक्टरांना घेऊनच या, गळू कापावं लागेल. उजाडताना गड्याला बजावलं, कुठे टेकायचं नाही, पाण्यालासुद्धा थांबायचं नाही, चिठ्ठी हातात दिली की तसाच माघारी. त्याने शब्द न् शब्द पाळला.

चूक झाली ती इथे, आणि ती माझी. आमच्या भागात मरणाचा निरोप घेऊन आलेला माणूस उंबरा ओलांडत नाही, त्या घरचं पाणी पीत नाही आणि लगेच पाठ फिरवतो. हे मला माहीत होतं. पण चिठ्ठीत सगळं स्वच्छ लिहिलं आहे म्हटल्यावर गडी दारात कसा उभा राहतो याने काय बिघडणार, असं मला वाटलं. मामीने पुढे सांगितलं की तिने तांब्या पुढे केला, गड्याने मान हलवली, आणि तिने तिथेच हंबरडा फोडला. चिठ्ठी कोणी उघडलीच नाही.

न्याहारीची वेळ टळली असेल नसेल, वेशीकडून रडणं ऐकू आलं. दोन गाड्या भरून बायका, पुढे अव्वाची आई, आमची अज्जी, ऊर बडवत. मामांच्या काखेत हिरवं लुगडं. डॉक्टर नव्हता. ते रडणं ऐकून भाऊबंदांतले दोघे कुदळी घेऊन आमच्या मळ्यात गेलेसुद्धा.

मी दार अडवून उभी राहिले. "अव्वा जिवंत आहे. डॉक्टर कुठे आहेत?"

अज्जी मला बाजूला सारून आत गेली. अव्वाने डोळे उघडले. कितीतरी वेळाने तिने माणूस ओळखलं. म्हणाली, "कोण गेलं गं अव्वा?"

मग अज्जी रडता रडताच हसायला लागली. "जित्या माणसाला रडलो की गं. आता हिचं आयुष्य वाढलं. शंभर वर्सं हिला काय हुईत न्हाय."

बायकांना ते पटलं. चूल पेटली, भाकऱ्या थापायला सुरुवात झाली. घाई म्हणून कोणाला उरली नाही. मी मामांना म्हटलं, "बैल अजून सोडले नाहीत. डॉक्टरांना घेऊन या."

"आता कशाला डाक्टर? टळलं न्हवं मरण."

"गळू टळलं का?"

"इंग्रजी शिकलीस म्हणून मरणाला बी शाळंची घंटा लावतीस व्हय? आदी त्या खड्ड्याचं काय ते बघू दे."

कारण मरणासाठी काढलेला खड्डा रिकामा ठेवत नाहीत. रिकामा खड्डा माणूस मागतो म्हणे. त्यात कोहळा पुरायचा की केळीचा खुंट, यावर चार पुरुष कट्ट्यावर बोलत बसले. "कोहळाच पुरा, आन् त्ये लुगडं बी त्यालाच नेसवा, पावणं," असं म्हणून एकाने मामांची चेष्टाही केली. मामा हसले. आत अव्वा पुन्हा बरळायला लागली होती.

शेवटी मीच गड्याला घेऊन गाडीत बसले. मामा मागून ओरडले, "आईला टाकून कुठं निघालीस?" डॉक्टरांना सांगायची इंग्रजी वाक्यं मी वाटभर जुळवली. ते मराठीच बोलले. आपल्या टांग्यातून ते माझ्याही आधी पोहोचले. दिवस मावळायच्या आत गळू कापलं, घमेलंभर घाण निघाली आणि तिसऱ्या दिवशी ताप उतरला. दरम्यान मळ्यात कोहळा व्यवस्थित पुरला गेला होता.

अव्वा पुढे वीस वर्षं जगली. भेटेल त्याला सांगायची, "भाऊ लुगडं घिऊन आला, माझी अव्वा रडली, म्हणून वाचले." डॉक्टरांचं नाव काढलं तर म्हणायची, त्यानं महिनाभर पालथं निजवलं. मी किती वेळा तिला सगळं क्रमाने समजावलं, कधी ताप चढला, कधी गळू कापलं, कधी उतरला. ती शांतपणे ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "तू भाईर भांडत हुतीस. तुला आतलं काय ठावं?"