विमानाच्या टाकीतलं बी

आमची बियाणं साठवायची ढोली आकाशातून पडली होती. एक्काहत्तरच्या लढाईच्या पुढेमागे, धान कापून झालेल्या आमच्या बांधीत ती आदळली तेव्हा आंबागडच्या किल्ल्याचा एक बुरूज कलला आणि शेजारच्या म्हशीच्या कासेतच दुधाचं दही झालं. खोटं वाटत असेल तर गावात विचारा. तिथलेही हेच सांगतील. त्यांना मीच सांगितलंय.

लढाऊ विमानाच्या पंखाखाली लटकणारी जास्तीच्या तेलाची टाकी होती ती. माशासारखी निमुळती, पुरुषभर उंच. वडलांचे थोरले भाऊ, आमचे मोठेबाबा, पोलीस पाटलाच्या आधी बैल घेऊन पोचले. टाकी घरी आणली, राखेनं सात दिवस घासली, शेंडा कापून पडवीत उभी पुरली आणि सुवासिक चिन्नोर धानाचं बी भरून वर लाकडी झाकण ठोकलं. बांबूच्या ढोल्यांची चाळणी करणारे उंदीर या टाकीपुढे बोळके झाले. दहा वर्षं दाणा हलला नाही.

आणि मग तो माणूस आला. चष्मा, खांद्याला झोळी, झोळीत फोटोंची वही. म्हणाला, "जुन्या लढाऊ विमानांच्या वस्तू जमवतो. पंखे, घड्याळं, वैमानिकांच्या टोप्या. संग्रहालयात ठेवायला. तुमच्या गावात एक टाकी आहे म्हणे?"

"नाही जी," मोठेबाबा म्हणाले. "आमच्याइथं विमान उतरत नाही."

तो हसला, उद्या परत येतो म्हणाला. हसला म्हणूनच मोठेबाबांना जास्त संशय आला.

"मोडकी टाकी पाहाले कोणी एवढ्या दूर येते का गा? सरकारचा माल घरात ठेवला म्हणून मले जेलात टाकतीन, अन् टाकी गेली तं बी उंदराच्या पोटात! याले सांगितलं कोणी?"

तुमसरच्या बाजारात चहा पिताना फुशारकी मीच मारली होती. म्हणून घरात सगळ्यात मोठ्यानं मीच ओरडलो, "हो ना! सांगितलं कोणी?"

मोठेबाबांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग हुकूम सुटला. सगळ्या घरानं मिळून टाकीला शेणमातीचा जाड गिलावा दिला. बांबूच्या ढोलीला देतात तसाच. आता ढोलीसारखी ढोली दिसत होती. पण बांबूच्या विणीत माती रुतून बसते. गुळगुळीत पत्र्यावर ती कशाला बसेल? एवढं मात्र आमच्या घरातल्या एकाही शहाण्याला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाहुणा नेमका ढोलीशेजारी बसून चहा पिऊ लागला. ऊन चढलं. कर्रकन आवाज झाला आणि सुपाएवढा पोपडा त्याच्या बशीत पडला. आतून चकचकीत पत्रा आणि लाल आकडे बाहेर आले.

मोठेबाबा म्हणाले, "आमच्याकडं ढोल्यावर नंबर टाकतेत."

पाहुण्यानं बशीतली माती झटकली. "बाबा, जेल नाही, काही नाही. टाकी द्या. वाटल्यास शेजारी तुमचं नाव लिहू."

"नाव!" मोठेबाबा माझ्या कानात कुजबुजले. "पाहा, कबुलीजबाबच लिहून घेऊन राहिला."

दोन अटींवर गाडी अडली. नाव लिहायचं नाही, आणि टाकीच्या बदल्यात उंदीर न लागणारी कोठी. आठ दिवसांनी तो पत्र्याची कोठी घेऊन आला. मोठेबाबांचा तिच्यावरही विश्वास नव्हता. त्यांनी कोठीत धान भरलं, दोन उपाशी उंदीर धरून तिच्यावर सोडले आणि वरून बांबूचं मोठं डालं पालथं घातलं. संध्याकाळपर्यंत उंदीर डालं कुरतडून पळाले. कोठीवर ओरखडासुद्धा नव्हता. टाकी गेली.

पण मोठेबाबांच्या डोक्यातून जेल जाईना. पुढं कितीतरी वर्षांनी त्यांनी मला धाडलंच. "पाहून ये. नाव तं नाही ना लिहिलं?"

संग्रहालयात आमची टाकी उजेडात आडवी ठेवली होती. पाटीवर लिहिलं होतं : 'भंडारा जिल्ह्यात सापडली. देणाऱ्याचं नाव माहीत नाही.' जीव भांड्यात पडला. सहज कापलेल्या काठाच्या दुमडीत बोट घातलं, तर नखाला धानाचा एक दाणा लागला. टरफलासकट. मी तो मुठीत घेतला.

"ओ! काय उचललं?" पहारेकरी धावत आला. मूठ उघडावी लागली.

"हा दाणा संग्रहालयाचा आहे."

"आमचा आहे जी."

"तुमचा?" त्यानं मला खालून वर पाहिलं आणि जाडजूड वही समोर सरकवली. "मग इथं नाव-गाव लिहा."

मी दाणा तोंडात टाकला, चावला आणि गिळला. इतक्या वर्षांनी चिन्नोरचा वास असा सुटला की शेजारच्या दालनातली माणसं जेवायची वेळ झाली म्हणून उठली.

"कोणता दाणा जी?" मी विचारलं.