कोरडा मांडव

माझ्या लग्नाच्या मांडवावर हिरवं पान नव्हतं, आणि त्याला जबाबदार माझा सख्खा बाप, लोटनआबा.

आमचं गाव शिरपूरकडच्या सातपुड्याच्या पायथ्याशी. डोंगराकडच्या अंगाला आबांनी करंज, उंबर, जांभळाची तिपदरी रांग लावलेली, नाल्यातून कावडीनं पाणी वाहून. त्या गर्द सावलीत गवत धरत नाही आणि वैशाखातही पाला ओला राहतो. वणवा आला तर इथंच अडेल, असं ते म्हणायचे. लोक हसायचे, की आग काय झाड बघून मागं फिरणारी पाव्हणी आहे!

आमच्याकडे मांडवावर उंबर-जांभळाच्या डहाळ्या घालतात. लग्नं वैशाखात, अन् वणव्याचे दिवसही तेच. आबा कुणालाच पान तोडू देत नसत. मला वाटलं, पोटच्या पोरीला तरी देतील. छे! "तुले दिधं ते बठ्ठासले देनं पडी," म्हणाले, एकीला दिलं की सगळ्यांनाच द्यावं लागेल, आणि मांडवावर कडबा पसरला. सासरी माझं नाव पडलं, कोरड्या मांडवाची. असा राग आला, की त्यांच्याशी बोलणंच टाकलं.

दोन वर्षांनी, एकोणीसशे चाळीसच्या वैशाखात, मी बाळंतपणाला आले. लेक दहा दिवसांची असताना भर दुपारी डोंगर पेटला आणि वारा गावाकडे फिरला. आई आम्हाला नाल्याकडे ओढत होती. आबा मात्र कुऱ्हाड घेऊन रांगेकडे धावले.

"यांना झाडं दिसतात, नात नाही दिसत!" मी आईवर ओरडले.

तिनं मला तिथंच गप्प केलं. माझ्याआधी तिला एक मुलगी झाली होती, ताईबाई. मोहाची फुलं वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाला सगळेच जाळतात. आबांनीही जाळला. वारा सुटला, आग शेतात शिरली, आणि ताईबाई खोपीत झोपलेली होती. एवढं सांगून आई पुढं चालू लागली.

नाल्यातून मी पाहिलं. आग रांगेपाशी येऊन अडली, पण ठिणग्या अलीकडं पडत होत्या. जन्मात कुणाला पान न देणारा माणूस भराभर डहाळ्या तोडून एकेकाच्या हातात देत होता, आणि गडी त्या ओल्या पाल्यानं ठिणग्या झोडपत होते. बाहेरचे करंज होरपळले. गावातलं एकही घर जळलं नाही.

दिवस कलल्यावर आबा घरी आले. हात पोळलेले, भुवया जळालेल्या. उरलेली जांभळाची डहाळी त्यांनी दाराच्या चौकटीत खोचली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुना मांडवनं राही गयं व्हतं."

"आबा," मी म्हटलं, दोन वर्षांत पहिल्यांदा, "हिचं नाव ठेवायचंय. ताईबाई ठेवू?"

त्यांनी पोळलेले हात पुढे केले, मागे घेतले. मग मीच लेक त्यांच्या ओंजळीत ठेवली.