साहेबांच्या वरची ओळ
अत्तराचा वास आला की शहागंजातल्या शालीवाल्या चाचांचं अत्तरानं घमघमणारं दुकान आठवतं आणि आजही माझं डोकं फिरतं. त्यांची वेबसाइट आमच्या ऑफिसनं बनवली; तिच्या पत्त्यात येईल तो शब्द शालीचं नाव समजणारी प्रोग्रामची ओळ आमच्या साहेबांनी लिहिली होती. कंप्युटर वरून खाली वाचतो आणि जुळणाऱ्या पहिल्याच ओळीवर थांबतो, म्हणून ‘ऑर्डर’च्या पानाची माझी ओळ मी तिच्या वर ठेवली. “नव्यांच्या ओळी खालीच,” म्हणत साहेबांनी ती खाली ढकलली. दुकानात आमच्यासमोर चाचांनी ‘ऑर्डर’चं बटण दाबलं, तर ‘ऑर्डर नावाची शाल नाही’ असं उत्तर आलं. “पोरीनं तपासलंच नाय,” साहेब बिनदिक्कत म्हणाले. मी तिथंच ओळ वर नेली, पान उघडलं, तरी माफी मलाच मागायला लावली. परवा ऑफिसात नव्यानं लागलेल्या मुलीनं तिची ओळ माझ्या ओळीच्या वर ठेवली आणि ती खाली ढकलायला माझा हात पुढं झाला, तेव्हा साहेबांपेक्षा जास्त राग मला त्या हाताचा आला.